पाच बॉक्स चोरीचे, दोन माझे

उलुम्मा मॅडमबद्दल न्नेवीच्या बाजारात कुणालाही विचारा, प्रत्येक जण वेगळं सांगेल. क्लच प्लेटवाला सांगेल, बाई तापट आहे. पलीकडचा टायरवाला सांगेल, बाई दिलदार आहे. ज्याला तिनं एकदा खोट्या बेअरिंगचा माल परत घ्यायला लावला, तो तर काहीच सांगणार नाही, नुसता थुंकेल. सगळे खरं बोलतात. मी तिच्या गल्ल्यावर बसते, मला माहीत आहे.

मी काम्सी. नववीत शाळा सोडली. बाकावर बसून माझी ढुंगणं दुखायची आणि डोकं रिकामंच राहायचं. मॅडमनं मला पहिल्या दिवशी विचारलं, "भांडता येतं का?" मी म्हणलं, "येतं." "मग गिऱ्हाईकाशी भांडायचं नाही, दलालाशी भांडायचं." झाली माझी मुलाखत.

दुकान तिच्या नवऱ्यानं, ओसितानं उभं केलेलं. मोटारसायकलचे पार्ट. चेन, पिस्टन, प्लग, बेअरिंग. एक दुकान पुढच्या रांगेत, रस्त्यालाच, आणि माल ठेवायचं स्टोअर मागच्या गल्लीत. पुढच्या रांगेतलं दुकान म्हणजे काय ते आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं. लोक शेत विकतात, घर गहाण टाकतात, पण पुढची रांग सोडत नाहीत. ओसिता गेला तेव्हा अख्ख्या रांगेला वाटलं, आता ही बाई दुकान भाड्यानं देणार आणि गावी जाऊन यामचे कंद लावणार. मॅडमनं सुतकाचे पांढरे कपडे अंगावर असतानाच शटर वर केलं. शेजारचा म्हणाला, "मॅडम, पार्टच्या धंद्यात बाईमाणूस?" ती म्हणाली, "मोटारसायकलला कळतं का, चेन बाईनं विकली की बाप्यानं?"

अशी ती. हळू बोलणं तिला जमत नाही. कानात सांगायची गोष्टसुद्धा तीन दुकानांना ऐकू जाते. आणि शब्द दिला की दिला. या शेवटच्या सवयीपायीच पुढचं सगळं झालं.

ओसिताच्या वेळेपासून दुकानात एक शिकाऊ पोरगा होता, दुबेम. आमच्यात शिकाऊला पगार नसतो. पोरगा मालकाच्या घरी राहतो, मालकाचं खातो, सात वर्षं धंदा शिकतो, आणि सात वर्षं झाली की मालक त्याला धंदा घालून देतो. माल देतो, भांडवल देतो, चार लोकांपुढं पाठीवर हात ठेवतो. मग तो पोरगा स्वतः मालक. इथला अर्धा बाजार असाच उभा राहिलाय. मालकानं धंदा घालून दिला नाही तर मालकाच्या तोंडाला काळं, आणि पोरगा मधेच पळाला तर पोराच्या सात पिढ्यांच्या.

दुबेमची सहा वर्षं झाली होती. एकच राहिलं होतं. मला तो कधी आवडला नाही असं मी आता म्हणू शकते, पण ते खोटं होईल. हुशार होता, हसरा होता. ओसिता शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा दुबेमच त्याला उचलायचा, धुवायचा, कूस बदलायचा. सख्खा पोरगा असता तरी इतकं केलं नसतं. म्हणूनच स्टोअरची किल्ली त्याच्याकडे होती.

एका सोमवारी स्टोअर उघडलं तर सात बॉक्स गायब. चीनवरून आलेल्या कंटेनरमधले, अजून पट्टीसुद्धा न कापलेले. दुबेमचा फोन बंद. अंथरूण रिकामं. त्याची चप्पलसुद्धा नाही.

मॅडम रडली नाही. शिव्या दिल्या, भरपूर दिल्या, मग डोक्याचं कापड घट्ट बांधून सरळ पोलीस ठाण्यात गेली आणि चोरी लिहून आली. हवालदार म्हणाला, "मॅडम, पोरगा कदाचित परत येईल." ती म्हणाली, "आला तर लिहिलेलं खोडा. आधी लिहा."

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

आठवड्यानं दुबेमचा बाप आला. सुतार माणूस, आम्ही त्याला पापा दुबेमच म्हणतो. दुकानात आला आणि उभ्या उभ्या रडायला लागला. म्हणाला, भावकी बसणार आहे, मॅडमनं यायलाच पाहिजे. तिथं मॅडमची जुनी टोयोटा जात नाही, म्हणून मॅडमनं दिराला घेतलं आणि दोघंही माझ्या मोटारसायकलवर मागे बसली.

अंगणात त्यांची सगळी भावकी बसलेली. त्यांच्यातले सगळ्यात मोठे उदे आजोबा झाडाखालच्या खुर्चीत. कोलाची कडू बी आली, प्रार्थना झाली, कोला फोडला, सगळ्यांना तुकडा मिळाला, मग बोलणं सुरू झालं. पापा दुबेम मॅडमपुढं गुडघ्यावर बसला.

"पोरगा माझा वाया गेला," तो म्हणाला. "त्याला शिव्या द्या, मला द्या. पण माझी उगोये बघा. तिला स्थळ आलंय. मुलाकडचे लोक चौकशी करत फिरतायत."

आमच्यात लग्नाआधी मुलाकडचे मुलीच्या घराची चौकशी करतात. घरात वेड आहे का, भांडण आहे का, चोर आहे का. तिसऱ्या प्रश्नाला स्थळं मोडतात.

उगोये कोपऱ्यात उभी होती. नखानं भिंतीचा पोपडा काढत होती. मॅडमनं तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि मग तिच्या त्या तीन दुकानांना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "लिहा. दुबेमनं माझ्याकडे सहा वर्षं काम केलं. मी त्याला धंदा घालून दिला. सात बॉक्स माल दिला, परत मागणार नाही. उलुम्मा बोलली."

मी म्हणलं, "मॅडम!"

"गप."

त्यांनी लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. परत येताना मी मोटारसायकल इतकी जोरात हाणली की मागे मॅडमच्या दिराची टोपी उडाली.

"चोराला धंदा घालून दिला!" मी ओरडत होते. "उद्या मी गल्ला घेऊन पळते, मला पण द्या सर्टिफिकेट!"

"तू पळणार नाहीस," ती मागून म्हणाली. "तुला रस्तेच माहीत नाहीत."

असा तो कागद. मॅडमच्या डोक्यात हिशेब सरळ होता. पोलिसातला कागद दुकानाचा, भावकीतला कागद अंगणाचा. दोघांची गाठ पडायचं कारणच काय? आमच्या अख्ख्या बाजारात कुणालाही विचारा, तो हेच म्हणेल.

गाठ पडली. वर्षभरानं.

दुकान कंपनी म्हणून नोंदलेलं आहे, त्यामुळं दर वर्षी आमचा हिशेबनीस टॅक्सचे कागद भरतो. त्यानं पोलिसातली नोंद बघितली आणि सात बॉक्स चोरीचं नुकसान म्हणून नफ्यातून वजा केले. बरोबरच केलं, त्याला अंगणातलं काय माहीत? मग टॅक्स ऑफिसातून पत्र आलं, की या चोरीचे पुरावे घेऊन या. मॅडम म्हणाली, "चोरी झालीय, पुरावा आहे, चला."

तिथं मिसेस एमेम म्हणून एक बाई होत्या. उयोकडच्या. बारीक, चष्मा, टेबलावर पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची पुडी. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण बाई वाईट नव्हत्या. तिथंच पंचाईत झाली. वाईट माणसाशी भांडता येतं.

त्यांनी पोलिसांचा कागद वाचला. स्टोअरमध्ये माल आल्याची नोंद वाचली. मग म्हणाल्या, "हा दुबेम तुमचा कोण?"

"शिकाऊ."

"पगार?"

"शिकाऊला पगार कुठं असतो?"

"मग तो तुमच्याकडे कामाला होता हे मी कशावरून धरू? उद्या कुणी म्हणेल, तुमचा भाचा आहे, घरातल्या माणसानं घरातला माल नेला. त्याला मी चोरी म्हणणार नाही. त्याचं नाव आणि कामाची वर्षं लिहिलेला एखादा कागद आहे का?"

मॅडमचा चेहरा उजळला. "आहे ना! सोळा जणांच्या सह्यांचा आहे!" आणि पर्समधून तिनं भावकीचा कागद काढून टेबलावर ठेवला. मी टेबलाखालून तिला पाय मारला. तिनं मला उलटा मारला.

मिसेस एमेमनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"मॅडम, यात लिहिलंय तुम्ही हे सात बॉक्स त्याला दिलेत."

"हो. ते अंगणात."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरले त्यानं. नंतर अंगणात मी दिले म्हणाले. त्याच्या बहिणीचं लग्न होतं."

बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण माझ्या विश्वासावर फाईल बंद होत नाही. माल चोरीला गेला तर नुकसान, ते वजा होतं. तुम्ही स्वतःच्या हातानं दिला, आणि परत मागणारही नाही म्हणून सही केली, तर ते तुमचं दान. दानाचा टॅक्स सरकार सोसत नाही. एकाच मालाला दोन नावं चालत नाहीत."

"मग आता?"

"भावकीनं दिलेला कागद भावकीनंच दुरुस्त करावा. खरं काय झालं ते लिहून, त्याच सगळ्यांच्या सह्या. आणि पोलिसांकडून, शोध घेतला, माल सापडला नाही, असं पत्र. महिनाअखेरपर्यंत आणा. नाहीतर सात बॉक्स वजा होणार नाहीत, त्यांच्यावर टॅक्स लागेल, वर दंड."

बाहेर जिन्यावर मॅडम थांबली. तिला आकडा कळला होता आणि मलाही. ते वर्षच वाईट गेलं होतं. दुसरा कंटेनर बंदरात अडकून पडलेला. एवढे पैसे उभे करायचे तर विकून पुरेल अशी एकच गोष्ट होती, पुढच्या रांगेतलं दुकान. ते विकलं की मॅडम मागच्या गल्लीत. मागच्या गल्लीत गिऱ्हाईक येत नाही, फक्त बकऱ्या येतात.

"गेलं दुकान," मी म्हणलं.

"तुझ्या तोंडात माती," ती म्हणाली. "ओकपा खाऊ चल. उपाशीपोटी मला विचार सुचत नाही."

मला मात्र उपाशीपोटी फार सुचतं. ती दुपारी स्टोअरला गेली तशी मी मोटारसायकल काढली आणि पापा दुबेमच्या घरी गेले. तो फळी तासत होता. मी उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"तुमच्या त्या कागदामुळं आमचं दुकान चाललंय! भावकी बोलवा आणि खरं लिहून द्या!"

त्यानं रंधा खाली ठेवला. "काम्सी, तू पोरगी आहेस की मोटारसायकलचा हॉर्न?"

"हॉर्न तर हॉर्न. ऐकू आलं ना?"

"पुढच्या महिन्यात उगोयेचं लग्न आहे. मुलाकडचे लग्नाची माडी घेऊन येणार. आणि आता मी लिहून देऊ, माझा पोरगा चोर?"

"आहेच की!"

"तुझ्या मॅडमनं शब्द दिला होता. माझ्या अंगणात, माझ्या कोलावर. शब्द म्हणजे काय मोटारसायकलची चेन आहे? सैल झाली की एक कडी काढायची आणि परत बसवायची?"

"आणि तुमच्या पोरानं सात वर्षांचा शब्द दिलेला, त्याची तर अख्खी चेनच गेली!"

तो रंधा उचलून परत फळीला लागला. म्हातारा वाईट नाही, नुसता घाबरलेला होता. मी पण निघाले. दारात उगोये पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघून तोंड फिरवलं. मला तेव्हा तिचाही राग आला होता.

मी पोचायच्या आधीच मॅडमला बातमी कळली. या गावात मोटारसायकलपेक्षा बातमी जोरात पळते.

"माझं भांडण मी तुला भाड्यानं दिलं होतं का?" तिनं विचारलं.

"तुम्ही करत नाही म्हणून मी केलं."

"मी करणारच आहे. पण भांडण नाही. मी बोलले ते अंगणात बोलले, मग मोडायचं ते पण अंगणातच. दाराआड नाही, फोनवर नाही, हॉर्न वाजवून नाही." मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "तुला वाटतं मी घाबरलेय? मी त्या लोकांना ओळखते. नसते ओळखत तर शब्द दिलाच नसता."

तिनं दिराला पाठवून उदे आजोबांना निरोप दिला. भावकी बसली. सगळे आले. न येऊन कोण राहणार? असला तमाशा न्नेवीत रोज कुठं होतो?

आम्ही बसलो. पण पुढं काहीच होईना. कोला यायची वेळ झाली, सगळे पापा दुबेमकडे बघायला लागले. आमच्यात कोला यजमानानं पुढं ठेवायचा असतो. बाई कोला फोडत नाही, पाहुणा फोडत नाही. यजमानानं ठेवला, थोरल्या माणसानं आशीर्वाद दिला, की मगच तोंडं उघडतात. कोला नाही तर बैठक नाही, बैठक नाही तर बोललेल्याला किंमत नाही.

पापा दुबेम हात चोळत उठला. "उदे आजोबा, माफ करा. घरात कोला संपलाय."

यजमान असं म्हणाला की पाहुण्यांनी "काही हरकत नाही" म्हणायचं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून घरी जायचं. तशीच रीत आहे. म्हातारा डोकं लढवून आला होता. मॅडमचा दीर माझ्याकडे बघायला लागला, मी मॅडमकडे. मॅडम पाय पसरून बसलेली, हलली नाही. मला आतून वाटत होतं, संपलं, उद्या दुकानावर 'विकणे आहे' लिहायला रंग आणायला मला जावं लागणार.

तेवढ्यात घरातून उगोये आली. हातात लाकडी ताट, ताटात चार कोला, शेजारी मिरीची चटणी. पोरींनी ताट बाहेर आणायला काही मनाई नाही, पोरीच आणतात. तिनं ते बापापुढं धरलं.

"बाबा, होता घरात. तुम्हाला दिसला नसेल."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. पापा दुबेमनं ताट घेतलं नाही. "आत जा," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या लग्नासाठीच करतोय."

"लग्न माझं ना? मग मला विचारा." तिनं ताट तसंच पुढं धरून ठेवलं. "मी एजिकेला सगळं सांगितलंय. मागच्या वर्षीच सांगितलं. तो म्हणाला, मला आधीच माहीत होतं, आमच्या विटांच्या भट्टीवर पोरं रोज बोलतात. त्याच्या आईला माहीत आहे. त्याच्या मामाला माहीत आहे. अख्ख्या न्नेवीला माहीत आहे, बाबा. त्या कागदानं फसलं ते फक्त टॅक्स ऑफिस."

आता मात्र सगळं अंगण हसलं. उदे आजोबांना खोकला लागला इतकं हसले. पापा दुबेम उभाच होता. मग त्यानं ताट घेतलं. घेताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण घेतलं. उदे आजोबांनी कोला हातात धरून सगळ्यांना आयुष्य मागितलं, टॅक्स ऑफिसलासुद्धा मागितलं, आणि कोला फुटला.

मॅडम उभी राहिली.

"मागच्या वेळी याच जागी मी बोलले की सात बॉक्स मी दिले. ते खोटं होतं. दुबेमनं ते चोरले. तुमची पोरगी बघून मी खोटं बोलले, त्याची मला लाज नाही. पण त्या खोट्यापायी आता माझ्या नवऱ्याचं दुकान जाणार असेल, तर ते खोटं मला परवडत नाही."

"मग सात बॉक्स चोरले, असं लिहायचं," उदे आजोबा म्हणाले. "लिही रे."

"सात नाही. पाच."

मी उडालेच. "मॅडम, सात!"

"पाच. पोरगा सहा वर्षं राबला. ओसिताला त्यानं सहा महिने लहान मुलासारखं सांभाळलं. तो सरळ माझ्यापुढं आला असता आणि म्हणाला असता, मॅडम, मला आता जायचंय, तर एक वर्ष कमी असूनसुद्धा मी त्याला दोन बॉक्स दिले असते. तेवढे मागच्या वेळी मी मनापासून दिले. ते माझे दोन. बाकीचे पाच त्यानं चोरले. लिहा."

एक काका म्हणाले, "अगं, सातही चोरीचे लिहिले तर तुझा टॅक्स वाचेल. आम्ही सह्या करतो, आम्हाला काय?"

"मला माहीत आहे तुम्ही कराल. तुम्ही मागच्या वेळी पण केल्या होत्या."

काकांनी कोलाचा तुकडा चटणीत बुडवला.

"दोन बॉक्सचा टॅक्स भरावा लागेल," मी तिच्या कानाशी म्हणलं. "दंड पण."

"भरीन," ती म्हणाली, आणि कानात नाही, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं. "शब्द माझा, त्याचा टॅक्सही माझा."

लिहिताना परत घोळ झाला. पापा दुबेम म्हणाला, "'चोरले' नको, 'घेऊन गेला' लिहा." मॅडम म्हणाली, "घेऊन तर गिऱ्हाईकही जातं." मग त्यानंच पेन घेतलं आणि तो शब्द स्वतः लिहिला. सुताराचा हात, अक्षर सरळ आलं. खाली सगळ्यांत पहिली सही त्याची.

पोलिसांचं पत्र मिळवायला मला तीन खेपा आणि हवालदारासाठी एक प्लग लागला. प्लगचं तुम्ही कुणाला सांगू नका.

मिसेस एमेमनी सगळे कागद पसरून बघितले. जुना भावकीचा कागद, नवा कागद, पोलिसांचं पत्र, स्टोअरची नोंद. बराच वेळ घेतला. मी बाकावर टाच आपटत होते, मॅडमनं माझा गुडघा दाबून धरला.

"पाच मला समजले," बाई शेवटी म्हणाल्या. "हे दोन कशाचे?"

"माझ्या नवऱ्याचं अंग धुतल्याचे."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "याला माझ्याकडे रकाना नाही, मॅडम."

"म्हणून तर टॅक्स भरते."

तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. शेंगदाण्याची पुडी आमच्यापुढं सरकवली. म्हणाल्या, पाच बॉक्स चोरी म्हणून धरते, वजा होतील. दोनांवर टॅक्स आणि थोडा दंड. आणि एक लक्षात ठेवा, पुढं कधी तो माल किंवा पैसे परत मिळाले तर त्या वर्षी ते उत्पन्न म्हणून दाखवायचं. विसरायचं नाही.

"परत मिळतंय कशाला!" मी म्हणलं.

मॅडमनं जुनी टोयोटा विकली आणि टॅक्स भरला. दुकान पुढच्या रांगेतच राहिलं. आता ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसून येते आणि अख्ख्या रस्त्यानं मला गाडी कशी चालवायची ते शिकवते. रांगेतले लोक म्हणतात, मॅडमची गाडी गेली. ती म्हणते, गाडी गेली, ड्रायव्हर तर मिळाली.

उगोयेचं लग्न झालं. एजिकेचा मामा मात्र पक्का निघाला. माडी घेऊन आला तेव्हा मुलीकडच्यांना द्यायच्या यादीतून एक बोकड त्यानं खोडून टाकला. म्हणाला, "पाच बॉक्सवाल्या घरातली पोर करतोय आम्ही, बोकड तरी वाचू दे." पापा दुबेम त्या बोकडावरून आजही कुरकुरतो. मॅडम लग्नात हिरवं कापड डोक्याला बांधून इतकी नाचली की वाजवणाऱ्यांनी ताल सोडला.

आणि परवा दुपारी, गिऱ्हाईकाला चेन मोजून देत असताना, तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं उचलला, आणि तिला हळू बोलता येत नाही तसं तिच्या फोनलाही येत नाही, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मॅडम," दुबेम म्हणाला. आवाज लगेच ओळखू आला. मागे कुठंतरी मोठा बाजार वाजत होता. "आई म्हणाली, तुम्ही मला दोन बॉक्स दिलेत म्हणे."

मी काउंटरवर हात आपटला. बोलायला तोंड उघडलं, तर तिनं बोट वर केलं.

"दिले," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "म्हणजे मला धंदा घालून दिलात?"

"दोन बॉक्सचा. बाकीचे पाच आणून दे. पैसे असतील तर पैसे आण. आणि सरळ दुकानात ये, बापाच्या घरामागून नाही. पुढच्या रांगेत ये, दिवसा ये."

"काम्सी मारेल मला."

"मारेल," मॅडम म्हणाली. "ते पण खाऊन घे."

तिनं फोन ठेवला आणि गिऱ्हाईकाकडे वळली. "किती कड्यांची म्हणालास? एकशे सोळा?"

"मॅडम," मी म्हणलं, "तो आलाच तर एमेमबाईंना कळवावं लागेल."

"कळवू की," ती चेन गुंडाळत म्हणाली. "तू आधी हात काढ काउंटरवरून, काच फुटेल."